बिनतिकिटाचे गाणे

श्रोतेहो, ‘फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते’ असे आपण सहज बोलून जातो. मी अर्थशास्त्र शिकवतो; तेव्हा हे वाक्य माझ्या कानांवर जरा अधिकच पडते. पण मिरजेच्या उरुसात रात्रभर गाणे ऐकून आलेल्या माणसाला ते ऐकवून पाहा. तो नुसता हसेल!

मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसात मानाचा गलेफ चढवतो तो चर्मकार समाज. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ या गावी स्थायिक झाले होते. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका रेल्वे स्टेशनावर त्यांचे निधन झाले, आणि याच दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. पुढे त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा भरू लागली. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली थोर थोर गवई गाऊन गेले. इथे तिकीट नाही. गवई बिदागीसाठी येत नाही, तो ‘हजेरी’ लावायला येतो.

मग याचा खर्च कोण सोसतो? कारण खर्च हा असतोच. मांडव, दिवे, पाहुण्यांची उठबस यांना पैसा लागतो, आणि तो कोणाच्या तरी खिशातूनच येतो. गवई आपली बिदागी सोडतो, म्हणजे तोही वर्गणीच देतो म्हणा ना! सभा फुकट असते ती फक्त ऐकणाऱ्याला.

आणि त्यातून गावाला काय मिळते? मिरजेत सतारी आणि तानपुरे तयार होतात. पंढरपूरकडचा भोपळा आणायचा, तो वाळवायचा, त्याला लाकडाची दांडी जोडायची, आणि शेवटी जवारी लावायची. ही जवारी कुठल्या मापाने लागत नाही. ती कानाने लागते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण कागदावरच्या मानांकनाने कारागिराचा कान तयार होत नाही. तो तयार होतो गाणे ऐकून. आणि कारागिराच्या पोराला तिकीट न काढता उत्तम गाणे ऐकायला मिळावे, यासारखी दुसरी शाळा कोणती?

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या नावाचा महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सुरू केला. तिथे तिकीट असते, आणि त्यात गैर काही नाही. पण एक फरक ध्यानात घ्या. तिकिटाच्या सभेत रिकामी खुर्चीदेखील पैसे देऊन गेलेली असते. बिनतिकिटाच्या सभेतून माणूस उठला, की मागे काहीच उरत नाही. तिथे ऐकणाऱ्याचे बसणे हेच सभेचे भांडवल. आपण पाच मिनिटे डोकावलो, गप्पा छाटल्या, मोबाईलवर चार चित्रे काढली आणि निघालो, तर गवयाने हजेरी लावली. आपण मात्र गैरहजरच राहिलो.

म्हणून, श्रोतेहो, पुढच्या उरुसाला अवश्य जा. मुलांना न्या. वर्गणीसाठी कोणी दाराशी आले तर त्याला दोनदा यायला लावू नका. आणि एकदा बसलात, की भैरवी होईपर्यंत उठू नका. फुकटच्या गाण्याची किंमत चुकवण्याची एवढीच रीत आहे.