दुखापतींचा उन्हाळा

13 जून 2019, ओकलंड. एनबीए बास्केटबॉलच्या अंतिम फेरीचा सहावा सामना. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा क्ले थॉम्प्सन हवेतून डाव्या पायावर वेडावाकडा पडला. त्याला आत नेत असताना तो माघारी फिरला आणि त्याला मिळालेले दोन्ही फ्री थ्रो त्याने बास्केटमध्ये टाकले. गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना! केवढी ही जिद्द! तीनच दिवसांपूर्वी त्याचा संघसहकारी केव्हिन ड्युरांटच्या टाचेमागचा स्नायुबंधही तुटला होता.

वॉरियर्स हरले. त्यातच दोघांचेही करार संपत आलेले. थॉम्प्सनशी पाच वर्षांचा नवा करार झाला; ड्युरांट ब्रुकलिनच्या संघाकडे गेला, त्याच्या बदल्यात डिअँजेलो रसेल आला. पण पगारांचा मेळ बसवण्यासाठी अनुभवी आंद्रे इग्वाडालाला सोडावं लागलं. तीन विजेतेपदांचा तो साथीदार, म्हणून हा निर्णय मनाला जास्त लागतो.

ऑक्टोबरमध्ये वॉरियर्सच्याच स्टेफन करीचा हात मोडला. त्या हंगामात 65 सामन्यांत विजय फक्त 15. पुढे थॉम्प्सनचा दुसरा पायही दुखावला. जानेवारी 2022 मध्ये तो अखेर मैदानात उतरला. इग्वाडालाही तोवर परतला होता. त्याच वर्षी जूनमध्ये वॉरियर्स पुन्हा विजेते ठरले.