स्त्रीबीज पिकते कसे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात लोणच्यापासून पोस्टातल्या बचतीपर्यंत सर्व विषयांवर मोकळेपणी बोलणे होते. पण ज्या अवयवावरून सुनांना बोल लावले जातात, त्याचे नाव निघाले की आवाज खाली जातो. म्हणून आज मी मुद्दाम बीजांडकोशाविषयी बोलणार आहे.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या बीजांडकोशांत साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्मताना दहा-वीस लाख उरतात, न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख. त्यांत नवी भर पडत नाही, आणि आयुष्यभरात पुरती पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. म्हणजे आपण ज्या बीजापासून झालो, ते आपली आई जन्मण्यापूर्वीच, आजीच्या पोटात तयार झाले होते!

हे बीज वर्षानुवर्षे निजलेले असते. त्याच्याभोवती पेशींचे वेष्टण असते. दोन्ही मिळून झाले फॉलिकल. पाळीच्या सुरुवातीस मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच नावाचे संप्रेरक सोडते, आणि काही फॉलिकल वाढू लागतात. त्यांच्या बाहेरच्या थरातील पेशी प्रथम पुरुषी संप्रेरक करतात आणि आतल्या थरातील पेशी त्याचेच इस्ट्रोजेन बनवितात. एकीने विरजण लावावे, दुसरीने घुसळून लोणी काढावे, तसाच हा प्रकार. मोठ्या फॉलिकलमधील पाण्यात इस्ट्रोजेन रक्तातल्यापेक्षा हजार पटींहूनही अधिक असते.

इस्ट्रोजेन वाढले की एफएसएच कमी होते. मग बाकीची फॉलिकल सुकतात. बहुधा एकच तग धरून सुमारे दोन सेंटिमीटरचे होते. त्याचे इस्ट्रोजेन दोनएक दिवस चढे राहिले, की पिट्यूटरी एलएच या दुसऱ्या संप्रेरकाचा लोंढा सोडते. भोवतीच्या पेशींनी बीजाला जे थोपवून धरलेले असते, ते आता सुटते. बीज आपली निम्मी गुणसूत्रे बाजूला टाकते आणि सुमारे ३६ तासांनी फॉलिकल फुटून ते बाहेर येते. रिकाम्या फॉलिकलमधून प्रोजेस्टेरॉन झरू लागते, ते गर्भाशयाचे अस्तर सिद्ध करते.

हे तास मोजणे सोपे नव्हते. बीजांडकोशाबाहेर काढलेले मानवी बीज बारा तासांत पिकते, असे पूर्वी छापले गेले होते. रॉबर्ट एडवर्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने पाहिले, तर बारा तासांत काहीच घडेना. त्यांनी धीर धरला. चोवीस तास उलटल्यावर कुठे बीज हलू लागले, आणि पूर्ण पिकावयास दीड दिवस लागला. हे त्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वाटेने पुढे २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये पहिली टेस्टट्यूब बालिका जन्मली. आपल्या मुंबईतही ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी अशीच एक कन्या जन्मली. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता घरची गोष्ट. सोनोग्राफीत 'पीसीओ' निघाले, की पोरीच्या पोटात गाठी झाल्या म्हणून घरात रडारड होते. भगिनींनो, त्या गाठी नव्हेत. अर्ध्या वाटेवर अडलेली फॉलिकल आहेत ती. संप्रेरकांचा मेळ बिघडला की बीज दरमहा पिकत नाही, इतकेच. त्यावर उपचार आहेत, आणि अशा पुष्कळ मुली पुढे आया होतात. मात्र बीजांचा साठा वयाबरोबर घटतो, पस्तिशीनंतर तर झपाट्याने. तेव्हा नवसासायासांत वर्षे दवडू नयेत. आणि डॉक्टरांकडे जाताना मुलालाही बरोबर न्यावे. कित्येकदा उणीव त्याच्याकडे असते, तपासणी मात्र एकट्या सुनेची होते!

इतकी कालबद्ध मांडणी जिथे चालते, तिथे कधी एखादा धागा अडकला तर तो कोणाचा दोष नव्हे, हे आपण सासवांनी आधी समजून घेऊ या.