आमच्या गोधड्या आणि पिंटरेस्ट

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बँकेत असताना मला भाषणाला विषय मिळायचे ते कर्जवसुली, नाहीतर ग्राहकसेवा. आज सेक्रेटरींनी सांगितलंय की फोटोंच्या सोशल मीडियावरून वेबसाइट लोकांपर्यंत कशी न्यावी, ते बोला. हसू नका. महिला मंडळाच्या गोधड्यांचा हिशोब माझ्याकडे आहे, म्हणून ही विद्या या वयात शिकावी लागली.

वेबसाइट छान झाली होती. पण दोन महिने तिकडे कोणी फिरकलंच नाही. आले ते आपलेच, एकमेकांना दाखवायला. दुकान गल्लीच्या आत आणि रस्त्यावर पाटी नाही, अशी गत. कपाटात सतरा गोधड्या पडून, आणि दोऱ्याचे, अस्तराचे पैसे बायकांनी घरखर्चातून घातलेले. बी विंगमधल्या वहिनींनी जिन्यात विचारलं, "भाऊजी, पैसे कधी सुटतील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी आम्ही इन्स्टाग्रामवर गेलो. तिथे बदाम भरपूर मिळाले. पण फोटोखालच्या मजकुरात वेबसाइटचा पत्ता लिहिला तरी त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. तो प्रोफाइलवर द्यावा लागतो, आणि तिथवर जायची तसदी कोण घेणार? स्टोरीत लिंक देता येते, पण ती 24 तासांत दिसेनाशी होते. बदाम काही खात्यात जमा होत नाहीत.

मग नातीने पिंटरेस्ट दाखवलं. हे 2010 सालापासून आहे, मलाच उशिरा कळलं. इथे प्रत्येक फोटोला, म्हणजे पिनला, आपला पत्ता जोडता येतो. तो थेट त्याच गोधडीच्या पानाचा द्यायचा, मुखपृष्ठाचा नाही. नाहीतर आलेला माणूस शोधत बसतो आणि कंटाळून जातो. शिवाय तिथे लोक कुणाच्या घरी काय चाललंय ते बघायला कमी आणि काही शोधायला जास्त येतात. बाळाची खोली कशी सजवावी, जुन्या साड्यांचं काय करावं, असं. आम्ही शीर्षक द्यायचो 'मायेची ऊब'. मायेची ऊब कोण शोधतो हो? 'जुन्या सुती साड्यांची हाताने शिवलेली बाळाची गोधडी' असं मराठीत आणि इंग्रजीतही लिहिलं, तेव्हा माणसं येऊ लागली. फोटो उभा, दोनास तीन प्रमाणात, सकाळच्या उजेडात, आणि धावदोरा दिसेल असा एक जवळून. मागे पाण्याची टाकी येऊ देऊ नका. आमच्या पहिल्या सहा फोटोंत ती आहे.

बिझनेस खातं फुकट असतं. किती जणांनी पिन पाहिली, किती जणांनी जपून ठेवली, किती जण पुढे वेबसाइटवर गेले, सगळं कळतं. वहीत मी शेवटचाच आकडा लिहितो. घाई मात्र चालत नाही. एखादी पिन काही महिन्यांनीही कुणाला तरी सापडते. मुदत ठेवच म्हणा.

आता एक कबुली. एका आठवड्यात नवी गोधडी तयार नव्हती. मी इंटरनेटवरची एक देखणी गोधडी उचलली आणि आपला पत्ता जोडून टाकली. म्हटलं, नमुना म्हणून चालेल. नेमकी तीच पिन सगळ्यात जास्त चालली! तिघींनी तीच हवी म्हणून कळवलं. आणि मग जिने ती शिवली होती, त्या बाईंचा निरोप आला. भांडण नाही, काही नाही. एवढंच, "ही माझ्या आईच्या लुगड्यांची आहे."

नोकरीभर मी दुसऱ्यांच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहिल्या, आणि इथे ही लबाडी माझ्याच हातून झाली. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी पिन काढली, बाईंची माफी मागितली, तिन्ही ग्राहकांना खरं काय ते कळवलं. महिला मंडळालाही सांगितलं. ते सगळ्यात अवघड होतं. दोन ग्राहक गेल्या. तिसरीने लिहिलं, "मग तुमची स्वतःची आहे ती दाखवा." तिला बी विंगमधल्या वहिनींची, त्यांच्या सासूबाईंच्या हिरव्या इरकलीची दाखवली. कोपऱ्यात एक टाका वाकडा आहे, तोही दाखवला. तिने घेतली.

सतरापैकी आता सहा उरल्या आहेत, आणि चार नव्या शिवून होत आल्या आहेत. त्यांचे फोटो घ्यायला रविवारी सकाळी सात ते नऊ गच्ची लागेल. तेवढा वेळ कृपया कोणी तिथे कपडे वाळत घालू नयेत.