गर्भपाताचा कायदा आणि स्त्रीचा निर्णय

प्रजनन आरोग्याविषयीच्या भारतीय धोरणात गर्भपाताच्या कायद्याला विशेष महत्त्व आहे, कारण स्त्रीच्या शरीराविषयीचा कोणता निर्णय राज्यसंस्थेने तिच्या हाती दिला आणि कोणता डॉक्टरांच्या हाती राखून ठेवला, हे त्यातून स्पष्ट होते. 1860च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 312 अन्वये स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणाने केलेला गर्भपात गुन्हा होता आणि तो करून घेणारी स्त्रीही शिक्षेस पात्र ठरत असे. या धाकाने नको असलेली गर्भधारणा टळली नाही. मात्र अडलेल्या स्त्रिया अप्रशिक्षित हातांकडे गेल्या आणि त्यांतील अनेकींना प्राण गमवावे लागले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी 1964 मध्ये शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशींवर आधारलेला वैद्यकीय गर्भपात कायदा 1971 मध्ये संमत होऊन 1 एप्रिल 1972 पासून अमलात आला.

या कायद्याने गर्भपात हा हक्क मानला नाही. ठरावीक कारणे असतील आणि डॉक्टरांनी सद्भावनेने तसे मत दिले असेल, तर दंड संहितेतील शिक्षेपासून संरक्षण दिले. स्त्रीच्या जिवाला धोका, तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याची गंभीर हानी आणि गर्भातील गंभीर व्यंग ही ती कारणे होत. बारा आठवड्यांपर्यंत एका आणि वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत आवश्यक होते. गर्भाचे हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात, त्यामुळे पाळी अनियमित असलेल्या स्त्रीला किंवा काहीच माहिती नसलेल्या किशोरवयीन मुलीला गर्भधारणा कळेपर्यंत मुदतीचा मोठा भाग सरलेला असतो. शिवाय गर्भातील व्यंग शोधणारी सोनोग्राफी साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होते, म्हणजे निदान हाती येते तेव्हाच जुन्या कायद्याचे दार बंद होत असे. 2008 मध्ये मुंबईतील एका दांपत्याला चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या हृदयातील दोष समजला, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली.

2021च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरेसे मानले. बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गर्भारपणात वैधव्य वा घटस्फोट वाट्याला आलेल्या अशा स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवली आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपवला. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याच्या तरतुदीतील 'पती' या शब्दाऐवजी 'जोडीदार' हा शब्द आला आणि 29 सप्टेंबर 2022च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ अविवाहित स्त्रीलाही मिळेल, असे स्पष्ट केले.

गर्भपाताचा कायदा आणि गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा यांची गल्लत करणे घातक आहे. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, 1988 मध्ये केला आणि 1994 मध्ये केंद्रीय कायदा झाला. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडण्याची प्रथा थांबवण्यासाठी त्याची अंमलबजावणी कठोरच असली पाहिजे. परंतु त्या कारवाईच्या धास्तीने औषध विक्रेते गर्भपाताच्या गोळ्या ठेवेनासे झाले किंवा डॉक्टर कायदेशीर सेवाही नाकारू लागले, तर त्याची किंमत पुन्हा गरीब आणि ग्रामीण स्त्रीलाच मोजावी लागते.

सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी केवळ तिचीच लेखी संमती पुरेशी आहे, ही तरतूद मूळ कायद्यापासून आहे आणि तरीही अनेक रुग्णालयांत आजही पतीची सही मागितली जाते. म्हणूनच धोरणाची खरी कसोटी कायद्यातील आठवड्यांच्या मर्यादेइतकीच तालुक्याच्या रुग्णालयात लागते. तेथे प्रशिक्षित डॉक्टर, औषधे आणि गोपनीयता उपलब्ध असतील आणि एकट्या आलेल्या स्त्रीची सही पुरेशी मानली जाईल, तेव्हाच कायद्याने दिलेले संरक्षण तिच्यापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.