मातृभाषेचा रकाना



२०११ सालच्या फेब्रुवारीत मी जनगणनेच्या कामावर होतो. नोकरीत फारसा मुरलेलो नव्हतो, म्हणून प्रगणकांचे शिक्षणवर्ग घेण्याचे काम माझ्या वाट्याला आले. प्रगणक बहुधा प्राथमिक शाळांतले गुरुजी आणि बाई. वर्गात शिकवणारी ही माणसे स्वतः बाकावर बसली म्हणजे विद्यार्थ्यांहूनही खोडकर होतात, हा अनुभव मी तेव्हा घेतला. त्या तक्त्यातला दहावा रकाना मातृभाषेचा होता. त्याविषयी पुस्तिकेत सूचना अशी की, लहानपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलत असे ती त्याची मातृभाषा. आई तान्हेपणीच वारली असेल, तर घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा घ्यावी. नाव मात्र एकच लिहावे. मागच्या बाकावरून एका गुरुजींनी विचारले, "सर, माँ एक भाषा की, बाप दूसरी का, तब?" मी सूचना पुन्हा वाचून दाखविली आणि पुढच्या रकान्याकडे वळलो. उत्तर नियमाला धरून होते. परंतु ज्याने ते दिले त्याची स्वतःची पंचाईत त्या उत्तराने सुटत नव्हती, हे त्या गुरुजींना कोठून ठाऊक असणार?

माझे वडील वर्धा जिल्ह्यातले. भिलाईच्या पोलाद कारखान्यात ते १९७०च्या सुमारास शिकाऊ म्हणून लागले. राऊरकेला जर्मनांनी उभारले, दुर्गापूर इंग्रजांनी, आणि भिलाई रशियनांनी. रशियाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. परदेशी तज्ज्ञ आले नि गेले. राहिली ती तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, बिहारी आणि आमच्यासारखी मराठी बिऱ्हाडे. परंतु या सर्वांच्या आधी तेथे कोणी राहत होतेच. माझ्या आईच्या वडिलांची शेती कारखान्यात गेली आणि तिच्या बदल्यात त्यांना त्याच कारखान्यात कोक ओव्हनवर नोकरी मिळाली. नांगर धरणारे हात कोळशाला लागले. माझे वडील त्यांच्याच पाळीवर होते. डब्यातली भाजी वाटून खाता खाता ओळख वाढली आणि १९७७ साली माझे आईवडील विवाहबद्ध झाले. आमचे बिऱ्हाड रिसालीला थाटले गेले. रिसाली मूळचे गाव. पुढे वसाहतीचा भाग झाले आणि आता तर त्याला स्वतःची महानगरपालिका आहे. माझ्या लहानपणी मात्र पाळीचा भोंगा, मरोद्याचा तलाव आणि रविवारी मैत्रीबागेतले वाघ, एवढ्यातच आमचे जग संपत असे.

लग्नाला विरोध झाला तो आजीचा, म्हणजे वडिलांच्या आईचा. त्या वादात वडिलांनी एक मोठा दाखला पुढे केला होता आणि तो आमच्या घरात पुढे कित्येक वर्षे सांगितला जाई. आजीचे माहेर वर्ध्याचे, आणि क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजेही वर्ध्याचे. आजीला त्यांचा मोठा अभिमान. वडील म्हणाले, "खानखोज्यांनी बेल्जमची बायको केली ती तुला चालते. मग दुर्गची मुलगी का चालू नये?" आजी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "त्यांनी सगळं देशासाठी केलं. तू कशासाठी करून राहिला?"

वडिलांना उत्तर सुचले नाही. खानखोज्यांची हकीगत मात्र खरोखरच विलक्षण आहे. गदर चळवळीत पडलेला हा विदर्भाचा तरुण अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणात इंग्रजांविरुद्ध झुंजला, मग बर्लिनला गेला आणि १९२४च्या सुमारास मेक्सिकोला पोहोचला. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या नव्या जाती तयार केल्या, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने शिक्षणखात्याच्या इमारतीतील भित्तिचित्रात भाकरी मोडून वाटणारा जो पुरुष रंगविला, तो चेहरा त्यांचाच, असे सांगतात. १९३६ साली त्यांनी झाँ सिंदिक या बेल्जियन बाईंशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोघी मुली मेक्सिकोतच जन्मल्या. बाप मराठी, आई बेल्जियन, अंगणात बोलली जाणारी भाषा स्पॅनिश. १९४९ साली त्यावेळच्या मध्यप्रदेश सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी खानखोज्यांना बोलाविले. त्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि आमचा दुर्ग जिल्हा त्याच प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर एका राज्यात गेले नि दुर्ग दुसऱ्यात राहिला. खानखोजे पुढे नागपुरास स्थायिक झाले आणि १९६७च्या जानेवारीत तेथेच वारले. कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले, ते २००८ साली निघाले.

ते चरित्र वाचताना माझे लक्ष खानखोज्यांच्या साहसांपेक्षा त्या दोन मुलींकडेच पुनःपुन्हा जाई. सई परांजप्यांचे वडील रशियन चित्रकार. परमवीरचक्राची आकृती काढणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर माहेरच्या युरोपियन. अशा घरांची नावे आपण कौतुकाने घेतो. पण मोठी माणसे लग्न ठरवितात ती विचार करून. मुलाला मात्र दोन घरे आयती मिळतात आणि त्यांचा मेळ त्याला आपला आपणच घालावा लागतो. माझी दोन घरे मेक्सिको आणि बेल्जियमइतकी लांब नव्हती, अवघी अडीचशे मैलांच्या आत होती. पण घराचे अंतर मैलांनी मोजायचे नसते, हे मला आमच्या घरातल्या एका शब्दाने शिकविले.

तो शब्द म्हणजे 'दाई'. छत्तीसगढीत आईला दाई म्हणतात. मी बोलू लागलो तेव्हा आईला पहिली हाक घातली ती हीच. आजीने ती ऐकली आणि तिला धक्काच बसला. "आईला दाई म्हणतो! ती काय सुईण आहे?" मराठीत दाई म्हणजे बाळंतपण करणारी बाई. आजीचे चुकले नव्हते आणि माझेही चुकले नव्हते. परंतु त्या दिवसापासून आईने मला 'आई' म्हणायला शिकविले, आणि स्वतः माझ्याशी मराठी बोलायला सुरुवात केली. कोणी तिला सांगितले नव्हते. तिने आपल्या मनाशीच काही ठरविले असावे.

आईची मराठी हा आमच्या घरचा एक स्वतंत्र विषय होता. ती शिकली आजीच्या वऱ्हाडीवरून आणि नागपूर केंद्राच्या कार्यक्रमांवरून. छत्तीसगढीत क्रियापदाला लिंगभेद नाही. पुरुष गेला काय नि बाई गेली काय, क्रियापद एकच. त्या भाषेत वाढलेल्या बाईने मराठीची तीन लिंगे सांभाळायची म्हणजे एका हातात तीन घागरी धरण्यासारखे. "दूध सांडला," "भाकर जळला," "चहा ठेवली," असे चाले. उलट आजीही छत्तीसगढी ऐकून गोंधळे. शेजारीण विचारी, "का करत हस?" म्हणजे काय करतेस; आजीला वाटे ही मला हसायला सांगते आहे. 'मोर घर' म्हणजे माझे घर, हे कळेपर्यंत आजी मोराचे घर कोठे ते शोधीत होती. आम्ही हसत असू. आजीच्या चुकीला कोणीही हसावे, आईच्या चुकीला मात्र आजीने हसावे आणि इतरांनी गप्प राहावे, असा एक अलिखित नियम होता, तो मी फार उशिरा ओळखला.

एके वर्षी मामा घरी आला आणि सात वर्षांच्या माझ्या पाया पडला. आजी धावत आली आणि तिने माझे पाय मागे ओढले. वडीलधारा माणूस पोराच्या पाया पडला म्हणजे पोराचे आयुष्य कमी होते, अशी तिची समजूत. मामाने शांतपणे सांगितले, "कौसल्या या मुलखाची लेक. राम आमचा भाचा. म्हणून आमच्याकडे भाच्याच्या पाया पडतात." आजी रामाची भक्त, रामविजय तिच्या नित्य वाचनात. तिने मामाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पाय सोडून दिले. त्यानंतर मी खोडी केली की ती म्हणे, "नीट वाग रे, तुझ्या लोक पाया पडतात."

खरी कसोटी भाद्रपदात येई. तृतीयेला आपल्याकडे हरितालिका, छत्तीसगढात तीजा. तीजाला लेकीने माहेरी जायचेच असते. भाऊ न्यायला येतो, आदल्या रात्री कारल्याची भाजी नि भात खाऊन दुसऱ्या दिवशी बायका पाण्यावाचून उपास धरतात. आणि चतुर्थीला, दुसऱ्याच दिवशी, आमच्या मराठी घरात गणपती. सून माहेरी आणि गणपती दारात! लग्नानंतरची चार वर्षे आई तीजाला गेली नाही. मामा न्यायला येई, पाणी पिऊन परत जाई. पाचव्या वर्षी वडिलांनी पाळी बदलून घेतली, पुरणाचे भांडे स्वतः पुढे ओढले आणि म्हणाले, "मोदक मी करतो, तिला जाऊ द्या." त्यांनी केलेले मोदक म्हणे उकडताना सगळे फुटले. आजीने ते काढून टाकले, नवे केले आणि सुनेला काही बोलली नाही. चतुर्थीला उजाडताच आई भावाच्या सायकलवरून परत आली. रात्रभर जागरण, पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि मांडीवर ठेठरी-खुरमीची टोपली. आजीने खुरमीचा तुकडा मोडून पाहिला. "यात गूळ आहे ना? मग गणपतीला चालते." तेव्हापासून आमच्या गणपतीपुढे मोदकांच्या ताटाशेजारी खुरमीचे ताट असते.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला शोभा देणारी नाही. मी अकरा वर्षांचा असताना वर्ध्याला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत आई कोणाला तरी म्हणाली, "माझा मुलगा खूप पुस्तक वाचते." मी सगळ्यांदेखत म्हटले, "वाचतो, आई. वाचते नव्हे." बायका हसल्या. आईही हसली. परतीच्या प्रवासात ती खिडकीशी बसून राहिली. एरवी आमचा नेम असा की वर्ध्याकडे जाताना दरेकशाचा बोगदा ओलांडला की आई मराठीवर येई आणि परत येताना तोच बोगदा ओलांडला की छत्तीसगढीवर जाई. त्या दिवशी आमगाव गेले, सालेकसा गेले, बोगदा गेला, डोंगरगडची टेकडी दिसली, राजनांदगाव आले. ती गप्पच. दुर्गला फलाटावर मामा उभा होता. त्याला पाहताच तिचे तोंड सुटले, आणि लग्नातल्या एकेका माणसाची अशी नक्कल तिने करून दाखविली की हमालसुद्धा सामान खाली ठेवून ऐकत राहिले. माझी आई विनोदी बाई आहे, हे मला अकरा वर्षांत प्रथमच कळले. माझ्याशी बोलताना ती शब्द शोधीत असे, आणि विनोद काही शब्द शोधीत बसलेल्या माणसाला सुचत नाही.

२००७ च्या नोव्हेंबरात राज्याच्या विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा दिला. २०११च्या गणनेत १ कोटी ६२ लाखांवर लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली आणि नियमाप्रमाणे ती हिंदीच्या सदरात मोजली गेली. बस्तरच्या हलबीचे याहून वेगळे. तिच्यात मराठी, उडिया आणि छत्तीसगढी अशा तिन्ही भाषांच्या खुणा आढळतात, आणि ग्रिअर्सनने तिला मराठीच्या खंडात घातले होते. भाषा मिसळलेली असली तरी तिला रकाना मिळतो. माणसाला मात्र एकच नाव सांगावे लागते.

त्या फेब्रुवारीत आमच्या दारी प्रगणक आले ते नेमके माझ्या वर्गातले नव्हते, म्हणून मी निर्धास्त होतो. आईला त्यांनी विचारले. तिने "छत्तीसगढ़ी" म्हटले. मग माझी पाळी. मी तोंड उघडण्यापूर्वीच ती म्हणाली, "मराठी लिख. मैं एखर संग मराठीच म गोठियाए हंव." मी याच्याशी मराठीतच बोलले आहे, असा अर्थ. पुस्तिकेतली सूचना तिने कधी वाचली नव्हती.

पुढचा रकाना येत असलेल्या इतर भाषांचा. जास्तीत जास्त दोन, आणि ज्या अधिक चांगल्या येतात त्या क्रमाने. हेही मीच वर्गात घसा कोरडा करून शिकविले होते. एम. ए. मी इंग्रजी घेऊन झालो आणि कचेरीचे निम्मे काम इंग्रजीत करतो. मी म्हटले, "छत्तीसगढ़ी, हिंदी." गुरुजींनी एकदा माझ्याकडे, एकदा भिंतीवरच्या पदवीच्या चौकटीकडे पाहिले आणि लिहून घेतले. पुढे २०२१ची गणना झाली नाही. आता २०२७ची ठरली आहे. ते दोन रकाने पुन्हा समोर येतील.

कागद आवरून गुरुजी उठू लागले, तोच स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "चहा ठेवली आहे, जाऊ नका म्हणावं." गुरुजींना मराठी येत नव्हते. मी त्यांना ते वाक्य छत्तीसगढीत करून सांगितले, आणि ते पुन्हा बसले.