वीज कुठे कडाडली, हे शोधणारी माणसं

माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर पडला असेल तर खाली काढा. आपलं केंद्र एफएमवर आहे, त्यावर ही गंमत होत नाही. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावा आणि रेडिओ उभाच ठेवून हळूहळू गोल फिरवा. एका जागी आवाज एकदम बसतो. त्या वेळी रेडिओची लांब बाजू स्टेशनच्या दिशेला असते. आत एक काळी कांडी आहे, तिला तांब्याची तार गुंडाळलेली असते. दिशा कळते ती तिच्यामुळे.

पण स्टेशन कांडीच्या या टोकाकडे की त्या टोकाकडे, ते कळत नाही. किती लांब, तेही नाही. मग दुसऱ्या गावातल्या बाईनं तसाच रेडिओ फिरवायचा. तुमची रेघ आणि तिची रेघ नकाशावर जिथे एकमेकींना छेदतात, तिथे स्टेशन.

आता वळवाचा पाऊस आठवा. आभाळ भरलं की रेडिओ खरखरायचा आणि माझी आजी म्हणायची, "बंद कर, वीज आली." आजीचं बरोबर होतं. प्रत्येक वीज रेडिओलहरी सोडते, त्याचीच ती खरखर. रॉबर्ट वॉटसन-वॉट या शास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये याच लहरींवरून विजांची दिशा शोधली. पुढे रडार उभं करणाऱ्यांतही तेच होते.

आज हे काम हौशी माणसंही करतात. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातले प्राध्यापक एगॉन वांके यांनी ब्लिट्झऑर्टुंग नावाचं जाळं सुरू केलं. जगभरात हजारावर लोकांनी आपापल्या घरी एकेक छोटं यंत्र बसवलंय. ही यंत्रं मुख्यतः वेळ पाहतात. लहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जाते. कोणत्या घरी ती किती आधी पोचली, यावरून वीज कुठे कडाडली ते काढतात. त्यासाठी सगळ्यांची घड्याळं तंतोतंत जुळावी लागतात. ती उपग्रहावरून, जीपीएसनं जुळवतात.

पैसा कुठून येतो? ज्याचं यंत्र, त्याचा खर्च. सुटे भाग स्वतः घ्यायचे, स्वतः डाग देऊन जोडायचे, वीजबिल आणि इंटरनेट आपलंच. मला यातलं यंत्र घेणं अवघड वाटत नाही. आमच्या गटानं शेवयांचं मशीन हौसेनं घेतलं, पण दुरुस्तीला पैसे बाजूला ठेवले नाहीत. दुसऱ्या वर्षी पट्टा तुटला आणि मशीन कोपऱ्यात गेलं. इथेही तसंच आहे. एखाद्या भागातली दोन-तीन यंत्रं बंद पडली, की तिथल्या विजेची जागा नीट सापडत नाही. महिन्याचा खर्च कोण भरणार आणि यंत्र बंद पडलं तर छपरावर कोण चढणार, हे खरेदीआधीच ठरवावं लागतं.

आणखी एक. हे जाळं चालवणारे स्वतःच सांगतात, की जीव वाचवायला आमच्यावर विसंबू नका. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडला. आपल्या देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं विजेनं जातात. त्यांत शेतात राबणारी फार. त्यांच्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी संस्थेनं आपलं वेगळं जाळं उभारलंय. त्यावर चालणारं 'दामिनी' ॲप आपल्या आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. गटातल्या एकीच्या तरी फोनवर ते हवं, आणि तो फोन शेतात सोबत हवा, घरी चार्जिंगला नको.

रेंज नसेल तर? वीज चमकली की मोजायला लागा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडलं, तर खुरपं तिथेच टाकून पक्क्या घरात जायचं, आंब्याखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, मुकादम कितीही ओरडला तरी.