नगरपालिकेचे दप्तर आणि जागरूक नागरिक
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्यापारी पेढीवर एक साधा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. माल आला की बिल पाहावयाचे, बिल रोजमेळाशी ताडावयाचे आणि रोजमेळ खतावणीशी. ज्या रकमेला कागदाचा आधार नाही, ती हिशेबात धरली जात नाही. परंतु हाच चोखंदळ गृहस्थ पेढीला कुलूप लावून रस्त्यावर आला की निराळा होतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी तो वेळेवर भरतो. त्या पैशातून झालेल्या कामाचा हिशेब मागण्याचे मात्र त्याच्या मनातही येत नाही. पावसाळ्यात गटार तुंबते, तळघरातील गाठी भिजतात, नगरपालिकेच्या नावाने चौकात दोन शब्द बोलले जातात आणि पुढील पावसाळ्यापर्यंत विषय संपतो.

वस्तुतः हिशेब मागण्याचा मार्ग कायद्याने खुला केला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला. त्यापूर्वी महाराष्ट्रात २००२ चा स्वतंत्र अधिनियम होता. या चळवळीचे मूळ राजस्थानच्या खेड्यांत सापडते. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून तेथे जनसुनावण्या भरविल्या आणि १९९६ साली ब्यावर येथे ४० दिवस धरणे धरले. त्या कष्टकऱ्यांची मागणी काय होती? हजेरीपट दाखवा, बिले दाखवा, प्रमाणके दाखवा. त्यांनी भाषण मागितले नाही, आश्वासन मागितले नाही, कागद मागितला. गावापुढे हजेरीपट मोठ्याने वाचला गेला, तेव्हा न केलेल्या कामाची मजुरी कोणाच्या नावावर पडली, हे सर्वांनी ऐकले.

या कायद्याचा वापर करताना नेमके हेच सूत्र विसरले जाते. ‘आमच्या गल्लीतील गटार का तुंबते? याला जबाबदार कोण?’ असा अर्ज केला, तर उत्तर बहुधा येते की ही माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. आणि ते उत्तर नियमबाह्यही नसते. जी माहिती कार्यालयाच्या दप्तरी आहे तीच द्यावयाची असते. अधिकाऱ्याने अर्जदारासाठी नवे स्पष्टीकरण वा अभिप्राय तयार करावा असे बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालच्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून प्रश्न विचारू नये, कागदाचे नाव घ्यावे. 

समजा, बाजारपेठेतील गटाराचे काम दोन वर्षांपूर्वी झाले आणि ते आजच खचले आहे. अर्जात त्या गल्लीचे नाव, कामाचा अंदाजे कालावधी आणि पुढील कागद लिहावेत : मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, अदा केलेली देयके आणि निविदेतील दोषदायित्व कालावधीची अट. मोजमाप पुस्तिकेत गटाराची लांबी, रुंदी, खोली लिहिलेली असते. ती प्रत हाती आली की एक मोजपट्टी पुरे. कागदावरील लांबी व जमिनीवरील लांबी जुळली नाही, तर त्यावर टीका करण्याचीही गरज उरत नाही. आणि दोषदायित्व कालावधी शिल्लक असेल, तर कंत्राटदाराकडून दुरुस्ती त्याच्याच खर्चाने करून घ्यावी, अशी मागणी लेखी आधारासह करता येते. भिजलेल्या गाठी परत कोरड्या होत नाहीत. पुढील पावसाळ्यातील गाठी मात्र वाचतात.

अर्जाची रीत सोपी आहे. महाराष्ट्रात त्यासाठी ‘जोडपत्र अ’ हा नमुना असून त्यावर १० रुपयांचा न्यायालयीन फी मुद्रांक लावावयाचा असतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. हा अधिकार नागरिकाचा आहे. म्हणून अर्ज दुकानाच्या वा संस्थेच्या नावाने न करता व्यक्तीने स्वतःच्या नावाने करावा. राज्याच्या २०१२ सालच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय असावा व मजकूर १५० शब्दांच्या आत असावा. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन अर्जदारावर नाही. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल, तर पाच दिवसांत अर्ज तिकडे वर्ग करणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. टपालाने पाठविल्यास पावती जपून ठेवावी. पावती जपणे व्यापाऱ्यास शिकवावे लागत नाही.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची. साध्या आकाराच्या पानास दोन रुपये आकार पडतो. मुदत टळल्यास माहिती विनामूल्य द्यावी लागते. कागद फार असतील तर आधी दप्तराची पाहणी मागावी, पहिल्या तासास शुल्क नाही. मग हवी तीच पाने साक्षांकित करून घ्यावीत. स्थानिक कार्यालयांनी सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहणीसाठी खुले ठेवावेत, असा निर्णय शासनाने २०१८ साली काढला होता. त्याची विचारणाही कार्यालयात अवश्य करावी.

उत्तर आलेच नाही, तर तो नकार समजला जातो. अशा वेळी निराश न होता ३० दिवसांत, २० रुपयांच्या मुद्रांकासह, त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. त्याचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हावयास हवा. त्यानेही समाधान न झाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. सबळ कारणाविना माहिती रोखणाऱ्या अधिकाऱ्यास आयोग दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करू शकतो. मात्र आयोगाकडे प्रकरणे साचलेली असतात आणि निकालास दीर्घ काळ लागतो. म्हणूनच पहिला अर्ज नेमका असणे हे अर्धे यश आहे.

येथे दोन गोष्टींचे भान हवे. पहिली संयमाची. हे शस्त्र शेजाऱ्याचा वचपा काढण्यासाठी नाही, की कोणास भीती घालून पैसे उकळण्यासाठी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने व्यक्तिगत माहितीचे दार अधिकच आवळले आहे. अर्ज सार्वजनिक कामाच्या व सार्वजनिक पैशाच्या कागदांपुरता ठेवावा. त्यातच त्याचे बळ आहे.

दुसरी गोष्ट धैर्याची. जमीन व्यवहारांतील गैरप्रकार या कायद्याच्या आधारे उजेडात आणणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी हत्या झाली. ज्या गावात एकच माणूस प्रश्न विचारतो, तेथे तो एकटा पडतो. एकाच विषयावर गल्लीतील दहा जणांनी आपापल्या नावाने अर्ज केले, तर कोणी एकटा उरत नाही. बाजारपेठेतील सभ्य, कुटुंबवत्सल मंडळी ‘कशाला उगाच वाकडेपणा’ म्हणून दूर राहतात, तेव्हा त्या वाकडेपणाचे सारे ओझे एखाद्याच्याच खांद्यावर जाते, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

या संस्थेची ५० वर्षे आज साजरी होत आहेत. देणगीदाराने दिलेल्या प्रत्येक रुपयास येथे पावती आहे, दरसाल हिशेब तपासला जातो आणि सभेपुढे वाचला जातो. त्यामुळे कोणाचा अपमान होत नाही. उलट विश्वास वाढतो. नगरपालिका हीदेखील सर्वांच्या वर्गणीवर चालणारी संस्थाच आहे. घरचा हिशेब चोख ठेवणाऱ्या समाजाने गावाचा हिशेबही तितक्याच शांतपणे मागावा. त्यासाठी लागतो एक कागद, दहा रुपयांचा मुद्रांक आणि तीस दिवसांचा धीर.